कोंड्यातलं तेल आणि गरम अल्कोहोल

"राइस ब्रान तेल पेट्रोलने काढतात, ते विष आहे, आजच फेकून द्या." हा संदेश आमच्या नातेवाइकांच्या तीन ग्रुपवर एकाच आठवड्यात फिरला. मावशीने तो वाचून अर्धा डबा तेल ओतून दिलं. तिला फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

संदेशातली एक गोष्ट खरी आहे. तांदळाच्या कोंड्यातलं तेल काढायला हेक्झेन नावाचं द्रावक (तेल विरघळवणारं द्रव) वापरतात आणि हेक्झेन खनिज तेलापासूनच मिळतं. कोंडा त्यात भिजवला की तेल विरघळतं. हेक्झेन 69 अंशांना उकळतं, त्यामुळे ते उडवून लावून परत वापरता येतं. पुढे शुद्धीकरणात तेल निर्वातात 200 अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात, तिच्याबरोबर उरलंसुरलं हेक्झेनही निघून जातं. आपल्याकडे खाद्यतेलात किलोमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त हेक्झेन चालत नाही. म्हणजे मावशीचा डबा विषाचा नव्हता.

हेक्झेनचा खरा त्रास कारखान्याच्या आत आणि आसपास होतो. त्याची वाफ दीर्घकाळ श्वासातून गेली तर हातापायांच्या नसा कमजोर होतात. ते पेटतंही पटकन. फेब्रुवारी 1981 मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात सोयाबीन तेलाच्या कारखान्यातलं हेक्झेन गटारात उतरलं, एका गाडीच्या ठिणगीने पेटलं आणि दोन मैलांहून अधिक लांबीचे रस्ते उखडले गेले. पर्याय शोधायचे ते यासाठी.

"मग लाकडी घाण्यावर काढा की!" हा मावशीचा पुढचा प्रश्न. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, तिथे घाणा उत्तम चालतो. कोंड्यात तेल जेमतेम 15 ते 20 टक्के, आणि तो पिठासारखा बारीक. दाबून काढायला गेलं तर बरंचसं तेल पेंडीतच अडकून राहतं. शंभर किलो धान भरडलं की सुमारे 20 किलो तूस आणि 8 किलो कोंडा निघतो. त्या 8 किलोंतून तेल मिळणार सव्वा ते दीड किलो. त्यातलंही पेंडीत सोडून द्यायचं म्हटलं तर हातात काय राहणार?

कोंड्याची दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. अख्ख्या दाण्यात तेल आणि लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) शेजारी असूनही वेगवेगळ्या थरांत असतात. पॉलिशच्या यंत्रात हे थर खरवडले गेले की दोघांची गाठ पडते आणि लायपेज तेलाचे रेणू तोडायला लागतं. त्यातून मुक्त मेदाम्लं (फॅटी ॲसिड्स) सुटतात आणि तेल खराब होतं. दमट, उबदार हवेत त्यांचं प्रमाण दिवसाला 5 ते 7 टक्क्यांनी वाढू शकतं. मी भंडाऱ्याकडच्या एका राईस मिलमधून दोन किलो ताजा कोंडा आणला होता. पिशवीत हात घातला तेव्हा तो कोमट होता आणि चव गोडसर होती. अर्धा कढईत मंद आचेवर खमंग भाजून एका डब्यात भरला, अर्धा तसाच दुसऱ्या डब्यात. दहाव्या दिवशी कच्च्या कोंड्याचा डबा उघडला तर साबणासारखा खवट वास, आणि चिमूटभर जिभेवर ठेवला तर कडू. भाजलेला मात्र चांगला होता. उष्णतेने लायपेज निकामी होतं, एवढाच त्यातला फरक.

हेच काम कारखान्यात एक्स्ट्रूडर करतो. कोंडा 120 ते 130 अंशांना दाबून त्याच्या सच्छिद्र गोळ्या पाडतो, मग त्यातून द्रावकही नीट झिरपतं. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात. त्याचं धान आधीच उकडलेलं असल्यामुळे त्याचा कोंडा टिकतो आणि त्यात तेलही जास्त सापडतं. तेल कुठल्याही पद्धतीने काढा, कोंडा पहिल्या काही तासांत तापवला नसेल तर पुढच्या सगळ्या हिरव्या तंत्रज्ञानाला फारसा अर्थ उरत नाही.

आता पर्याय. सगळ्यात चर्चेतला म्हणजे सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड. 31 अंश तापमान आणि वातावरणाच्या सुमारे 73 पट दाब ओलांडला की हा वायू धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही, आणि तेल विरघळवू लागतो. दाब सोडला की वायू निघून जातो, तेल खाली राहतं. कॉफीतलं कॅफिन असंच काढतात. तेल सुंदर निघतं, पण त्यासाठी 300 पट दाब पेलणारी जाड पोलादी भांडी लागतात आणि ती दर खेपेला उघडून भरावी लागतात. स्वस्त कोंड्याला हा खर्च झेपत नाही. पाणी आणि विकरं वापरून तेल मोकळं करण्याची पद्धतही आहे, पण त्यात तेल-पाण्याचं ताकासारखं मिश्रण होतं आणि ते फोडणं जिकिरीचं जातं.

मला सगळ्यात आवडतो तो इथेनॉलचा, म्हणजे साध्या अल्कोहोलचा मार्ग. वरवर पाहता इथेनॉल हेक्झेनपुढे हरतं. एक किलो हेक्झेन वाफ व्हायला सुमारे 335 किलोज्यूल उष्णता घेतं, इथेनॉल जवळपास 845. म्हणजे उडवून परत मिळवायला अडीचपट इंधन. पण बहुतेक इथेनॉल उडवायची गरजच पडू नये अशी सोय निसर्गाने करून ठेवली आहे.

इथेनॉलच्या रेणूला दोन टोकं असतात. एक ऑक्सिजन-हायड्रोजनचं, पाण्याशी सख्य असलेलं. दुसरं कार्बनची छोटी शेपटी, तेलाशी जमवून घेणारं. थंड असताना हे रेणू पहिल्या टोकांनी एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. तेलाचा लांबलचक रेणू मध्ये शिरायचा तर हे बंध तुटायला हवेत, आणि त्या बदल्यात तेल देऊ शकतं ते आकर्षण फार दुबळं. म्हणून तेल बाहेर राहतं. तापवलं की बंध सैल पडतात आणि तेलाला जागा मिळते. जवळजवळ निर्जल इथेनॉलमध्ये साधारण 70 अंशांच्या आसपास तेल पूर्ण मिसळतं. गार केलं की बंध पुन्हा जुळतात आणि तेल बाहेर ढकललं जातं. तेलाची घनता 0.92, इथेनॉलची 0.79, त्यामुळे तेल तळाशी बसतं. वरचं इथेनॉल ओतून घ्यायचं, तापवायचं आणि पुढच्या कोंड्यावर सोडायचं. हेक्झेनमधलं तेल कितीही थंडाव्यात ठेवा, असं वेगळं होणार नाही.

अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत बेकेल, बेल्टर आणि स्मिथ यांनी 1948 मध्ये सोयाबीनसाठी हीच ऊर्ध्वपातनाविना (द्रावकाची वाफ करून ती पुन्हा गार न करता) चालणारी पद्धत मांडली होती. कोंड्याच्या बाबतीत तिचा आणखी एक फायदा आहे. लायपेजने सुटलेली मुक्त मेदाम्लं गार इथेनॉलमध्येही बऱ्यापैकी विरघळलेली राहतात. म्हणजे तळाशी बसणारं तेल निम्मंअधिक शुद्ध होऊनच बसतं.

यातला शत्रू म्हणजे पाणी. द्रवाच्या रेणूंची विद्युत ओढ किती, याचं ढोबळ माप म्हणजे विद्युत-अपार्यता स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट). पाण्याचा 80, इथेनॉलचा 24, हेक्झेनचा दोनाहून कमी. हा आकडा जेवढा मोठा तेवढं ते द्रव तेलाला परकं. इथेनॉलमध्ये 5 टक्के पाणी शिरलं तरी तेल पूर्ण मिसळायला उकळबिंदूच्या वर, म्हणजे दाबाखाली जावं लागतं. कोंड्यात 10 ते 12 टक्के ओल असते आणि इथेनॉल ती शोषून घेतं. म्हणून कोंडा आधी कडक वाळवावा लागतो. शिवाय मेदाम्लं साचत जातात, त्यामुळे इथेनॉलचा काही भाग अधूनमधून ऊर्ध्वपातन करून स्वच्छ करावा लागतो.

आरोग्याबद्दल थोडं. बाटलीवर "कोलेस्टेरॉल झिरो" लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसण्यासारखंच असतं, मग ते करडईचं असो की सरकीचं. कोंड्याच्या तेलाचं वेगळेपण ओरायझॅनॉलमध्ये आहे. 1954 मध्ये जपानमध्ये सापडलेला हा पदार्थ कच्च्या तेलात 1 ते 2 टक्के असतो. त्याने वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरू शकतं. औषधाची जागा तो घेत नाही. मेदाम्लं काढायला कॉस्टिक सोड्याने शुद्धीकरण केलं की त्यातला बराचसा साबणाच्या गाळाबरोबर वाहून जातो. मेदाम्लं इथेनॉलनेच काढली तर सोडा कमी लागतो आणि ओरायझॅनॉल वाचतं.

भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमधून तूस, कणी आणि कोंडा अशा तीन गोष्टी तांदळाबरोबर निघतात. तूस बॉयलरमध्ये जळतं, म्हणजे कोंडा वाळवायला उष्णता तिथेच आहे. एक टन कणीपासून सुमारे 450 लिटर इथेनॉल होतं, आणि धान्यापासून इथेनॉल काढणारे कारखाने आपल्याकडे आहेतच. इंधनासाठी विद्रूप केलेलं, म्हणजे पिता येऊ नये म्हणून त्यात इतर रसायनं मिसळलेलं इथेनॉल चालणार नाही, खाण्यायोग्य शुद्धतेचं लागेल. पण एकदा टाकी भरली की पुढे गळतीपुरतीच भर घालायची असते. तेल काढून उरलेल्या कोंड्याला हेक्झेनचा स्पर्शही झालेला नसतो, त्यामुळे त्यातली प्रथिनं आणि तंतू गुरांच्या चाऱ्याऐवजी माणसाच्या पिठात घालता येतील. दिवसाला पाच-दहा टन कोंडा हाताळणारं असं एक छोटं युनिट कुणीतरी मिलच्या आवारातच उभारून बघायला हवं, कारण ट्रकमध्ये घातलेला कोंडा वाटेतच खवट होतो.