मगर कोणाची भाऊबंद?

मगर पालीसारखी दिसते, पण आज हयात असलेल्या प्राण्यांत तिचे सर्वांत जवळचे भाऊबंद पक्षी आहेत. वंशावर आधारलेल्या वर्गीकरणाची परिभाषा का घडवावी लागली, ते या नात्यातून नीट कळतं.

१७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने वर्ग, गण, प्रजाती, जाती अशी उतरंड लावून सारे प्राणी बसवले. आधार होता दिसण्याचा, शरीररचनेचा. मगर, पाल आणि बेडूक त्याच्याकडे एकाच उभयचर वर्गात होते. १८५९ मध्ये डार्विनने खरं वर्गीकरण म्हणजे वंशावळच असं मांडलं. त्याच्या पुस्तकात आकृती एकच, फांद्या फुटत गेलेली. ‘फायलोजेनी’, म्हणजे वंशेतिहास, हा शब्द जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये दिला. पण वंशावळ काढायची कशी?

रीत घालून दिली विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने. माश्यांचा हा अभ्यासक १९४५ मध्ये ब्रिटिशांचा युद्धकैदी होता आणि कैदेतच त्याने पहिला खर्डा लिहिला. पुस्तक १९५० मध्ये निघालं. इंग्रजीत १९६६ मध्ये आलं, तेव्हा कुठे जगभर चर्चा झाली.

त्याचं म्हणणं असं की, नातं ठरवताना सगळी साम्यं सारखी मोलाची नसतात. अंगावरचे खवले फार जुन्या पूर्वजाकडून आलेले, त्यामुळे मगर आणि पाल जवळच्या ठरत नाहीत. असा जुना वारसा म्हणजे ‘प्लेसिओमॉर्फी’. एखाद्या फांदीवर नव्याने आलेला आणि पुढच्या वंशजांना मिळालेला सामायिक गुण म्हणजे ‘सिनॅपोमॉर्फी’. नात्याचा पुरावा हाच. मगरी आणि पक्षी यांच्या सामायिक पूर्वजांच्या कवटीत डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक जादा छिद्र होतं. आजच्या मगरीत ते बुजलंय, जीवाश्मांत मात्र स्पष्ट दिसतं.

एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज मिळून ‘क्लेड’ किंवा मोनोफायलेटिक गट होतो. काही वंशज वगळले, तर गट पॅराफायलेटिक. पक्ष्यांना बाजूला ठेवून केलेला ‘सरपटणारे प्राणी’ हा वर्ग नेमका तसा आहे. पक्षी आणि सस्तन यांना ‘उष्ण रक्ताचे’ म्हणून एकत्र बांधलं, तर तो पॉलिफायलेटिक, कारण हा गुण दोघांकडे वेगवेगळ्या वाटांनी आला.

शाळेत आपण मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन हे पाच वर्ग पाठ करतो. ओळख म्हणून ते सोयीचे आहेत, पण पक्षी सरीसृपांच्याच एका फांदीवर बसलेत हे त्याच धड्यात सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पक्ष्यांसारखीच, अंड्यातून बाहेर पडता पडता मगरीची पिल्लंही आवाज देतात, आणि तो ऐकून आई घरटं उकरते.