गुरं पायी बाजारात नेताय? दाखला हाकणाऱ्याच्या खिशात हवा

गुरं टेम्पोत चढवली की कागद लागतात, हे आता बहुतेकांना कळलंय. पायी निघताना मात्र ‘चालतच तर चाललोय’ म्हणून माणसं मोकळ्या हाताने निघतात आणि अडकतात. प्राण्यांच्या पायी वाहतुकीसाठी केंद्राचे २००१ चे वेगळे नियम आहेत. गावाच्या हद्दीपासून शेवटच्या ठिकाणापर्यंत ५ किलोमीटर किंवा जास्त अंतर असलं की ते लागू होतात. अंतर हद्दीपासून मोजायचं, गोठ्यापासून नाही.

मुख्य कागद एकच, पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला. त्यात दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला म्हणजे कळपाचा मिळून मोघम कागद चालत नाही, प्रत्येक जनावराची नोंद लागते. दुसरा घोळ वेळेचा. तपासणी निघण्याआधी १२ तासांच्या आतली हवी. दोन दिवस आधीचा दाखला घेऊन निघालेले मी कितीदा पाहिलेत! सुट्टीला लागून बाजार असेल तर डॉक्टर कुठून आणायचा, याचं उत्तर नियमात नाही. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा आणि दाखल्यावर तारखेसोबत तपासणीची वेळ लिहिलीय का, ते तिथेच बघून घ्या.

जनावरं मालक स्वतः नेत नसेल तर दाखला नेणाऱ्याजवळ पाहिजे. एकदा मालक कागद घेऊन मोटरसायकलवर पुढे गेला होता. मागे रोजाने लावलेला पोरगा सहा बैल धरून रस्त्याकडेला उभा, हातात फोन आणि फोनला रेंज नाही. बोलणी त्यानेच खाल्ली.

लसीकरण झालेलं लागतं. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात १२ अंकी बिल्ला नसलेलं जनावर बाजारात विकता येत नाही. बिल्ला झुडपात अडकून तुटतो, तेव्हा आठवडाभर आधी कान तपासा. आजारी, लंगडं, आंधळं किंवा व्यायला ७२ तास न झालेलं जनावर चालवत नेताच येत नाही.

आता वाटेतलं. गायी-म्हशींना ताशी ४ किलोमीटर, दिवसाला ८ तास, आणि दिवसाचं अंतर जास्तीत जास्त गायींना ३० किलोमीटर, म्हशींना २५. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर चालवायचं नाही, आणि तापमान ३० अंशांच्या वर गेलं तरी नाही. चैत्र-वैशाखात पारा न्याहारीलाच तिथे पोचतो, मग एवढं अंतर कधी चालायचं? उन्हाळ्यात एक मुक्काम जास्तीचा धरा, नाहीतर सरळ गाडी करा. गाडीचे नियम निराळे.

काठी-चाबकाने पळवायला बंदी आहे. बांधायचं ते गळ्याला, वेसणीला नाही. कासरा वेसणीतून ओवायची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, पण अडवणारा आधी नाकाकडेच बघतो. एका दोराला दोनच जनावरं, मध्ये दोन फूट जागा. आणि डांबरी रस्त्याने जायचं असेल तर पायाला पत्री, म्हणजे खुराला नाल, मारलेली हवी. ती निघायच्या दिवशी सकाळी मारत बसू नका, जनावर लंगडलं तर दाखलाही गेला.