डिस्क लावल्यावर पेडल जड का होतं?

जुन्या ट्रकची हौस असलेल्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे: पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले की गाडी निम्म्या अंतरात थांबते. मग काम होतं, आणि पहिल्याच फेरीत पेडलवर अक्षरशः उभं राहावं लागतं. शिव्या खाते डिस्क. पण दोष तिचा नाही. ड्रमबरोबर एक मदतनीसही उतरवला गेला आहे, आणि त्याची जागा कुणी भरलेली नाही.

आधी तो समज. गाडी शेवटी थांबते टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाने. चाक लॉक होण्याइतका जोर ड्रममध्ये असेल, तर एकदाच कचकन दाबलेल्या ब्रेकला डिस्क फारसं अंतर वाचवत नाही. तिचं मोल कळतं ते लांब उतारावर, लागोपाठच्या चौथ्या-पाचव्या ब्रेकला आणि पाण्यातून गाडी काढल्यावर.

आता मदतनीस. ड्रमच्या आत ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारी कमानीसारखी पट्टी, एका टोकाला पिनवर टेकलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा चाकातला छोटा सिलिंडर, त्याला बाहेर रेटतो. ड्रम फिरत असतो. ज्या शूच्या बाबतीत घर्षण त्याला ड्रमकडेच ओढतं, तो दाराखाली सरकवलेल्या पाचरीसारखा स्वतःच घट्ट होत जातो. समोरच्या शूला तेच घर्षण मागे ढकलतं.

थोडं गणित करू. पिनपासून सिलिंडर २० सेंमी, शूचा मधला भाग १० सेंमी, आणि घर्षणबलाची रेषा पिनपासून १२ सेंमी दूर आहे असं धरा. सिलिंडरचा रेटा १०० किलो आणि घर्षणांक ०.४ असेल, तर पहिल्या शूवरचा दाब २००० भागिले (१० − ४.८), म्हणजे सुमारे ३८५ किलो. दुसऱ्यावर २००० भागिले (१० + ४.८), म्हणजे १३५. दोघांचं मिळून घर्षण २०८ किलो. तेवढ्याच रेट्याला डिस्कला दोन्हीकडून चिमटणारे दोन पॅड देतात फक्त ८०. फरकाचे १२८ किलो काही तुमच्या पायातून आलेले नाहीत. फिरत्या चाकानेच स्वतःला थांबवायला हातभार लावला. अनेक जुन्या ट्रकांत तर पहिला शू आपला रेटा दुसऱ्याकडे पोचवतो आणि दोन्ही शू घट्ट होतात. तिथे फरक आणखी मोठा.

पण छेदातली ती वजाबाकीच घात करते. तापल्यावर लायनरचा, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या अस्तराचा, घर्षणांक ०.३ वर आला, तर ड्रमचे २०८ किलो १३८ होतात, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. डिस्कचे ८० किलो ६० होतात, म्हणजे चौथाच हिस्सा गेला. दोन्ही बाजूंना घर्षणांक सारखाच घसरला, तरी ड्रम जास्त कोसळला. एका बाजूचा लायनर ओला आणि दुसरा कोरडा असेल, तर गाडी एकीकडे का ओढते, तेही इथेच कळतं.

उष्णता किती? दोन टनांचा ट्रक ताशी ९० किमी वेगाने जात असताना त्याची गतिज ऊर्जा ६,२५,००० ज्यूल असते. ती सगळी २० किलो बिडात जिरली, तर एका ब्रेकला तापमान ६५-७० अंशांनी चढतं. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जातं. डिस्क उघडी असल्यामुळे लवकर निवते, आणि फुगली तरी पॅडकडेच फुगते.

तर १२८ किलोंची ती भरपाई कुठून करायची? डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन मोठे असतात, त्याने जोर वाढतो. पण त्यांना ब्रेक ऑइलही जास्त लागतं. त्यासाठी मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलच्या रेट्याने ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरचा, बोअर (आतला व्यास) वाढवला, तर पास्कलच्या नियमाने तेवढ्याच पायाला दाब कमी होतो. ही कोंडी व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्यावर पायाला जोड देणारा डबा, फोडतो. त्यातल्या २० सेंमी व्यासाच्या पडद्याचं क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी; इंजिनाच्या ओढीने दर चौ. सेंमीला ०.६५ किलोचा फरक मिळाला, तरी २०० किलोंचा रेटा तयार. जाळीसारखी भोकं पाडलेल्या चकचकीत डिस्कवर पैसे घालण्याआधी ते इथे घाला. त्या भोकांनी ब्रेकचा जोर वाढत नाही, उलट तापून त्यांच्या कडेला तडे जाऊ शकतात.

मास्टर सिलिंडर बदलताना दुहेरीच घ्या. जुन्या एकेरी सिलिंडरची एक नळी फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक जातात. ड्रमच्या नळीत १० पीएसआय (दर चौ. इंचाला १० पाउंड) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या नळीत राहिला, तर पॅड सतत घासत तापतात. मागे ड्रमच ठेवले, तर हँडब्रेकही सोपा राहतो, पण ब्रेक लागताच वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. ती आधी लॉक झाली, तर ट्रक गर्रकन फिरतो. म्हणून मागच्या नळीवर दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवायचा आणि मोकळ्या जागेत, कमी वेगात, पुढची चाकं आधी लॉक होईपर्यंत तो जुळवत राहायचं.