‘ॲक्सेस डिनाइड’ची पार्श्वभूमी

मराठी टायपिंगचं किंवा दुकानाच्या हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर टाकायला घेतलं, की मध्येच ‘ॲक्सेस डिनाइड’ (परवानगी नाही) येतं. सॉफ्टवेअर खराब झालंय असं समजून लोक ते सोडून देतात आणि त्याच्यासोबत वर्षानुवर्षांच्या फायलीही जातात. हे फार वाईट आहे, कारण बहुतेक वेळा सॉफ्टवेअर धडधाकट असतं.

विंडोज ९५ आणि ९८ मध्ये फाइलला मालक असा नव्हताच. ‘फॅट’ पद्धतीच्या डिस्कवर कोणती फाइल कोण बदलू शकतो याची नोंदच राहत नसे. पासवर्डची चौकट आली तर एस्केप दाबायचं, की थेट आत! त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणारे सेटिंग विंडोजच्या फोल्डरात ठेवत आणि डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या स्वतःच्या फोल्डरात. त्या काळात त्यात काही चूक नव्हती.

परवानग्यांची व्यवस्था १९९३च्या विंडोज एनटीमध्ये आली होती, पण ती ऑफिसांपुरती. २००१मध्ये विंडोज एक्सपीने ती घरोघरी नेली, तरी घरच्या मशीनवरची खाती सहसा ॲडमिनिस्ट्रेटरची, म्हणजे सगळे अधिकार असलेलीच असत. नियम होते, पण ते कुणाला आडवे येत नव्हते. जानेवारी २००२मध्ये बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहून नव्या सोयींपेक्षा सुरक्षा आधी, असं बजावलं. जानेवारी २००७मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली ती ‘यूझर अकाउंट कंट्रोल’ (यूएसी) घेऊन. तेव्हापासून ॲडमिनिस्ट्रेटरने उघडलेला प्रोग्रॅमही साध्या अधिकारांवरच चालतो. जास्त हवे असतील तर विचारावं लागतं. माझ्या मते हा बदल योग्यच होता, फक्त जुन्या प्रोग्रॅमना त्याची कल्पना नव्हती.

त्यांच्यासाठी एक पळवाट ठेवली गेली, आणि खरा गोंधळ तिथेच होतो. जुना ३२-बिट प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला गेला, की विंडोज गुपचूप ती फाइल त्या वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’मधल्या ‘लोकल’खाली ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात ठेवतं. प्रोग्रॅमला वाटतं, आपण जागेवरच लिहिलं. मग कधीतरी कुणी सांगतं, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून बघा. तसं उघडलं की ही पळवाट बंद होते, प्रोग्रॅम मूळ फोल्डरातली जुनी फाइल वाचतो आणि काल टाकलेली बिलं गायब दिसतात. दुकानात वडिलांचं आणि मुलीचं खातं वेगळं असेल, तर दोघांना दोन वेगळे हिशेब दिसतात. डेटा कुठेही गेलेला नसतो.

म्हणून सेटअप राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा, पण प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये न टाकता सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून त्यात टाकावा. तिथे साध्या खात्यालाही सहसा लिहिता येतं. आधीच टाकला असेल तर त्या एकाच फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’खाली ‘यूझर्स’ना ‘मॉडिफाय’ द्यावं. यूएसी बंद करू नये. एका जुन्या प्रोग्रॅमसाठी सगळं मशीन उघडं पडतं.

१६-बिट, म्हणजे विंडोज ९५च्या आधीच्या जमान्यातल्या प्रोग्रॅमचं दुखणं निराळं. ते ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत, परवानगी कितीही द्या.

आणि विंडोज ७ किंवा १० असलेलं जुनं मशीन भंगारात देणार असाल, तर नुसता प्रोग्रॅमचा फोल्डर कॉपी करू नका. प्रत्येक खात्याचं ‘व्हर्च्युअलस्टोअर’ उघडून बघा. शेवटच्या काही वर्षांच्या नोंदी बहुधा तिथेच असतील.