सिगारेट सोडून पूर्णतः व्हेपिंग

सिगारेट किंवा अन्य जळणारी तंबाखू कायमची बंद करून निकोटिनची गरज केवळ ई-सिगारेटवर भागवण्याची पद्धत. इंग्लंडमधील आरोग्ययंत्रणेने ती धूम्रपान सोडवण्याचा एक मार्ग म्हणून स्वीकारली असून एप्रिल २०२३ मध्ये तेथील सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपिंगचा संच देण्याची योजना जाहीर केली. ही पद्धत म्हणजे निर्व्यसन नव्हे. निकोटिन चालू राहते. थांबतो तो धूर.

उगम : ई-सिगारेट या उपकरणाच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. औषधी द्रव्यांची वाफ ओढण्यासाठी विजेवर चालणाऱ्या नळीचे अमेरिकी पेटंट जोसेफ रॉबिन्सन यांना १९३० मध्ये मिळाले होते. मात्र तिचा सिगारेटशी संबंध जोडणे ओढूनताणून वाटते. पेनसिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये अर्ज केलेल्या व १९६५ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटात बॅटरीने तापवलेली, तंबाखूविरहित व धूररहित सिगारेट स्पष्टपणे वर्णिली आहे. पण त्यांच्या रचनेत निकोटिन नव्हते आणि ती बाजारात आली नाही. १९८०च्या सुमारास टेक्सासमध्ये फिल रे व डॉ. नॉर्मन जेकबसन यांनी ‘फेव्हर’ ही निकोटिनयुक्त नळी काढली. तीत उष्णता नव्हती, वीजही नव्हती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८७ मध्ये तिला औषध ठरवल्याने ती मागे पडली.

आजच्या उपकरणाचे श्रेय सामान्यतः चीनमधील शेनयांगचे औषधतज्ज्ञ होन लिक यांना देतात (२००३). त्यांच्या मूळ रचनेत द्रवाचे थेंब तापवून नव्हे, तर श्राव्यातीत कंपनांनी तयार होत. तापणारी कॉइल (विजेवर तापणारे तारेचे वेटोळे) नंतर रूढ झाली. त्यामुळे कल्पना गिल्बर्टची आणि वापरण्याजोगी वस्तू होनची, अशी विभागणी अधिक समाधानकारक वाटते. स्वतः होन शोधानंतरही सिगारेट व ई-सिगारेट दोन्ही वापरत राहिल्याचे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. प्रस्तुत नोंदीच्या व्याख्येत ते बसत नाहीत.

‘व्हेपिंग’ हा शब्द ‘फेव्हर’च्या मंडळींत प्रचलित होता असे सांगतात, छापील उल्लेख म्हणून कोशकार ब्रिटनमधील ‘न्यू सोसायटी’ नियतकालिकातील १९८३चा लेख दाखवतात. दोन्ही स्वतंत्रपणे घडले असणे अशक्य नाही. मराठीत ‘व्हेप ओढणे’, ‘व्हेप मारणे’ असे बोलले जाते.

कार्यतत्त्व : प्रॉपिलीन ग्लायकॉल, वनस्पतिजन्य ग्लिसरीन, निकोटिन व स्वाद यांचे मिश्रण कॉइलवर साधारण २०० ते २५० अंश सेल्सियसपर्यंत तापते. जळत्या सिगारेटच्या टोकाचे तापमान ९०० अंशांच्या आसपास जाते. ज्वलन टळल्याने डांबर तयार होत नाही व कार्बन मोनॉक्साइड जवळपास नसतोच. बाहेर पडणारी ‘वाफ’ ही काटेकोरपणे वाफ नसून सूक्ष्म थेंबांचे वायुकलिल (एरोसोल) असते.

फॉर्माल्डिहाइडचा वाद प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांना ५ व्होल्टवर त्याची संयुगे मोठ्या प्रमाणात आढळली, ३.३ व्होल्टवर मात्र आढळली नाहीत. ५ व्होल्टच्या दाबाला कॉइलला द्रव पुरवणाऱ्या कापसातील द्रव संपून ‘कोरडा झुरका’ येतो, त्याची करपट चव कोणी सहन करत नाही, म्हणून हे मापन प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही, असा आक्षेप ग्रीक हृदयतज्ज्ञ फार्सालिनोस यांनी घेतला. आक्षेप बराचसा रास्त दिसतो. तथापि नेहमीच्या वापरातही हे द्रव्य शून्य असते असे त्यावरून म्हणता येत नाही. प्रारंभीच्या उपकरणांतून निकोटिन फार कमी मिळे, त्यामुळे अनेक जण पुन्हा सिगारेटकडे वळत. २०१५ नंतर पसरलेल्या निकोटिन क्षारांमुळे (आम्ल मिसळून सौम्य केलेले निकोटिन) घसा न जळता अधिक निकोटिन घेता येऊ लागले. ब्रिटनमध्ये त्याची कमाल मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे.

धोक्याचे मोजमाप : व्हेपिंग ‘९५ टक्के कमी हानिकारक’ हा आकडा २०१५ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या तेथील तत्कालीन सरकारी आरोग्यसंस्थेने प्रसृत केला. तो मोजणीतून आलेला नाही. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ डेव्हिड नट यांच्यासह बारा तज्ज्ञांनी निकोटिनच्या बारा उत्पादनांना हानीच्या निकषांवर गुण दिले (२०१४), त्यात सिगारेटला १०० आणि ई-सिगारेटला ४ गुण पडले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या पायाच्या कमकुवतपणावर संपादकीयातून टीका केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींचे २०१८चे विधान आकड्याविना, पण अधिक भक्कम आहे : सिगारेटची जागा ई-सिगारेटने पूर्णतः घेतल्यास विषारी द्रव्यांशी येणारा संपर्क घटतो.

यातील ‘पूर्णतः’ हा शब्द निर्णायक होय. २०१७ मध्ये ब्रिटनमधील १८१ व्यक्तींच्या लाळ व मूत्राच्या तपासणीत केवळ व्हेप करणाऱ्यांत कर्करोगकारक द्रव्यांचे अवशेष पुष्कळ कमी आढळले. सिगारेट व व्हेप दोन्ही ओढणाऱ्यांत तसा ठळक फरक नव्हता. हृदयविकाराच्या बाबतीत तर दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, असे २०१८च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. विसावरून दोनवर आलेल्याला ‘बरीच कमी केली’ याचे समाधान मिळते, हृदयाला तितके मिळत नाही.

परिणामकारकता : संशोधक पीटर हायेक यांच्या इंग्लंडमधील चाचणीत (२०१९; ८८६ सहभागी) वर्षअखेर ई-सिगारेट गटातील १८ टक्के, तर निकोटिन पट्ट्या-गोळ्यांच्या गटातील ९.९ टक्के लोक सिगारेटमुक्त होते. परंतु त्या यशस्वी लोकांपैकी अनुक्रमे ८० व ९ टक्के जण दिलेले उत्पादन तेव्हाही वापरत होते. याला यश म्हणावे की व्यसनाची बदली, यावर मतभेद आहेत. वीस-तीस वर्षांच्या वापराचा पुरावा अर्थातच अजून जमलेला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत उद्भवलेल्या फुप्फुसविकाराचा (६८ मृत्यू) प्रमुख संबंध गांजाजन्य द्रवातील व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी जुळला; तो या वादात व्हेपिंगविरुद्ध वारंवार पुरावा म्हणून दिला जातो, पण फारसा लागू पडत नाही.

भारत : १८ सप्टेंबर २०१९च्या अध्यादेशाने व त्याच वर्षीच्या अधिनियमाने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रतिबंधित कृतींच्या यादीत वापराचा उल्लेख नाही. साहजिकच हा बदल येथे अधिकृत उपचार म्हणून सुचवता येत नाही. चोरट्या मार्गाने येणाऱ्या द्रवातील घटकांची खात्रीही नसते. निकोटिनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगगम मात्र औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळते.

महाराष्ट्रात या विषयाची व्याप्ती मुळातच मर्यादित आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. मिश्री, मळलेली तंबाखू, गुटखा, विदर्भातला खर्रा यांत ज्वलनच नसल्याने वरील तुलना त्यांना लागू होत नाही.