आर्थिक साहाय्याचे अपील (अमेरिका)

आर्थिक साहाय्याचे अपील : घरची परिस्थिती बदलल्यामुळे मंजूर झालेली शैक्षणिक मदत अपुरी पडू लागली, की तिचा फेरविचार व्हावा म्हणून अमेरिकेतील विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयाकडे केलेली विनंती. तिला १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यातील कलम ४७९-अ चा आधार आहे. विद्यार्थ्याची परिस्थिती पाहून मदतीच्या हिशेबातील आकडे बदलण्याच्या, महाविद्यालयातील साहाय्य अधिकाऱ्याच्या अधिकाराला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात.

गरज निर्माण होते ती मुख्यतः कालगणनेमुळे. ‘फाफ्सा’ या सरकारी अर्जात दोन वर्षांपूर्वीच्या करविवरणातील उत्पन्न धरले जाते. २०२५-२६ च्या मदतीसाठी २०२३ चे. त्यावरून ‘स्टुडंट एड इंडेक्स’ हा आकडा निघतो. तो जितका कमी, तितकी गरज जास्त मानली जाते. मधल्या काळात वडिलांची नोकरी गेली, किंवा अर्ज भरल्यानंतर आईवडील विभक्त झाले वा कमावत्या माणसाचा मृत्यू झाला, तरी सूत्राला त्याचा पत्ता नसतो. उलटही घडते: त्या एकाच वर्षी निवृत्तिनिधीतून पैसे काढले, तर कुटुंब कागदावर उगाच सधन दिसते.

विम्यात न बसणारा वैद्यकीय खर्च, बेघर होणे, घरातील अपंग व्यक्तीची देखभाल, भावंडांची शालेय फी ही कारणेही कायद्याला मान्य आहेत. २०२४-२५ पासून सूत्रात एकाच वेळी महाविद्यालयात शिकणाऱ्या भावंडांची संख्या मोजली जात नाही. अनेक मध्यमवर्गीय घरांना हा बदल जाचला. तो मुद्दाही अपिलात मांडता येतो.

अधिकारी सूत्र बदलू शकत नाही. सूत्रात जाणारे आकडे किंवा शिक्षणाचा एकूण धरलेला खर्च तेवढा बदलू शकतो, आणि तोही एकेका विद्यार्थ्याचा विचार करून, कागदपत्रे जोडून. म्हणून कळकळीच्या पत्रापेक्षा नोकरी गेल्याचे पत्र, बेकारी भत्त्याचा दाखला, रुग्णालयाची बिले यांना वजन असते. बेकारी भत्त्याचा दाखला ९० दिवसांच्या आतला असल्यास बेकारीचा पुरावा म्हणून चालतो. या कामासाठी शुल्क आकारता येत नाही आणि सरसकट सगळ्या विनंत्या फेटाळण्याचे धोरणही महाविद्यालयाला ठेवता येत नाही.

इंडेक्सचा आकडा खाली आला तर पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे, सहसा परत न करावे लागणारे सरकारी अनुदान) मिळू किंवा वाढू शकते (२०२५-२६ साठी कमाल ७,३९५ डॉलर). मात्र महाविद्यालयाने स्वतःच्या निधीतून किती द्यायचे, हे त्याच्या तिजोरीवर आणि मर्जीवर राहते. निर्णय अंतिम असतो. फेडरल शिक्षण खात्याकडे त्यावर दाद मागता येत नाही. एका महाविद्यालयाचा निर्णय दुसऱ्यावर बंधनकारक नसल्याने तीच कागदपत्रे दोन ठिकाणी वेगळा निकाल देऊ शकतात, आणि महाविद्यालय बदलल्यास विनंती नव्याने करावी लागते.

पालकांनी टाकून दिलेल्या किंवा त्यांच्यापासून तुटलेल्या विद्यार्थ्याला ‘स्वावलंबी’ (म्हणजे पालकांचे उत्पन्न न धरता मदत ठरणारा) ठरवून घेण्याची विनंती वेगळी असते. तिथे कसोटी कडक आहे: पालक खर्च करायला तयार नाहीत किंवा मुलगा स्वतः कमावतो, एवढे पुरत नाही.

एफ-१ व्हिसावरील (शिकायला आलेल्या परदेशी) विद्यार्थ्यांना फेडरल मदतच मिळत नाही, त्यामुळे हा कायदा त्यांच्या कामी येत नाही. त्यांना महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीसाठीच शब्द टाकावा लागतो, आणि तो मानण्याचे कोणतेही बंधन महाविद्यालयावर नसते.