दिव्यांग मुलांच्या पालकांवरील ताण (कोकण किनारपट्टी)

दिव्यांग मूल वाढवताना पालकांवर दीर्घकाळ राहणारे मानसिक, शारीरिक व आर्थिक ओझे. ते दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीच्या हिशेबात वाढत नाही. मूल रात्र रात्र झोपत नसेल, हात चावून घेत असेल, दार उघडे दिसताच पळत सुटत असेल, तर पालक अधिक खचतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांपेक्षा स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांत जास्त ताण अभ्यासांतून वारंवार आढळला, त्याचे एक कारण हेच.

कोकणात यात भूगोलाची भर पडते. डोंगरउतारावरच्या वाड्यांत जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा असतात. तिथे व्हीलचेअर पडवीतच राहते आणि दहा वर्षांचे मूलही आई पाठुंगळीला मारून डांबरी रस्त्यापर्यंत नेते. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते, मग थेरपीच्या फेऱ्याच बुडतात. मंडणगडहून रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय १०० किलोमीटरपेक्षा लांब आहे. वडील बहुधा चाकरमानी, म्हणजे मुंबईला. निर्णय फोनवर, निस्तरणे आईकडे. मच्छीमार घरांत उलटेच होते: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्याने माणूस घरी असतो, पण हातात पैसा नसतो.

‘गरोदरपणी ग्रहण पाळलं नाय’ हा ठपका अजूनही आईवरच येतो. देवाला गाऱ्हाणे घातल्याने घराला धीर येत असेल तर त्यात वावगे काही नाही. देवाच्या कौलाची वाट पाहत उपचार लांबले, की मात्र नुकसान होते. अमेरिकी अभ्यासक सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये अशा पालकांच्या पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या दुःखाला आजार न मानता स्वाभाविक म्हटले. गणपतीत, शिमग्याला बरोबरीची मुले गावी येतात तेव्हा ते हटकून उसळते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व यांसाठी ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचे आरोग्य विमाछत्र मिळते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार याच चार गटांत १८ वर्षांनंतरचा कायदेशीर पालक जिल्ह्यातील स्थानिक समिती नेमते. ‘आमच्या मागे याचं काय?’ या प्रश्नाला कागदावरचे उत्तर एवढेच. अर्जासाठी पालकत्व घ्यायला राजी असलेला माणूस लागतो, आणि मुंबईत एका खोलीत संसार थाटलेला भाऊ चटकन हो म्हणत नाही.